शांत शिक्षक आणि शिक्षेची चिठ्ठी

अमेरिकेंतील शाळांविषयीं गेल्या तीस वर्षांत जें वाङ्मय निर्माण झालें त्यांत एक गोष्ट इतक्या वेळां सांगितली गेली आहे कीं, सांगणाराच्या आवाजांत आतां थकवा जाणवूं लागला आहे. ती गोष्ट कृष्णवर्णीय मुलांना होणाऱ्या शिक्षेची. शिक्षा म्हणजे येथें छडी अभिप्रेत नाहीं. मुलाला कांहीं दिवस शाळेंतून घालवून देणें, ज्याला तिकडे 'सस्पेन्शन' म्हणतात, तें अभिप्रेत आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारच्या हिशेबतपासनीस कचेरीनें २०१८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें २०१३-१४ ह्या वर्षीं तेथील सार्वजनिक शाळांतील एकंदर विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय विद्यार्थी शेंकडा १५.५ होते, घालवून दिलेल्यांत मात्र त्यांचें प्रमाण शेंकडा ३९ होतें. त्याआधींच्या, म्हणजे २०११-१२ च्या गणनेंत शाळापूर्व वर्गांतील चिमुकल्यांचाही हिशेब आहे. त्या वर्गांत कृष्णवर्णीय मुलें शेंकडा १८. पण एकाहून अधिक वेळां घरीं धाडलेल्या मुलांत तीं शेंकडा ४८. चार वर्षांच्या मुलाला शाळेंतून घालवून देतात हें वाचून ज्याला आकड्यांपेक्षां त्या क्रियापदाचेंच आधीं आश्चर्य वाटेल, तो वाचक आम्हांस अधिक शहाणा वाटतो.

ह्या दुखण्यावर अलीकडे एक औषध सुचविलें जातें, आणि तें मूळचें पूर्वेकडील असल्यामुळें आमच्या वाचकांस त्याविषयीं अंमळ कुतूहल वाटेल. पालींतील 'सति', म्हणजे संस्कृतांतील 'स्मृति', ह्या शब्दाला ऱ्हीस डेव्हिड्स ह्या पंडितानें १८८१ मध्यें 'माइंडफुलनेस' हा इंग्रजी प्रतिशब्द दिला. पुढें १९७९ मध्यें जॉन कबाट-झिन ह्यांनीं मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यालयांत जुनाट दुखण्यांनीं गांजलेल्या रोग्यांसाठीं ह्याच कल्पनेवर एक अभ्यासक्रम सुरू केला. त्यांतला धर्म बाजूला ठेवून श्वासाकडे लक्ष देण्याची रीत तेवढी घेतली. रुग्णालयांतून ती कचेऱ्यांत गेली, सैन्यांत गेली, आणि शेवटीं शिक्षकांच्या खोलींतही येऊन पोंचली. न्यूयॉर्क शहरांतील ३६ प्राथमिक शाळांतल्या २२४ शिक्षकांवर केलेल्या एका प्रयोगाचा वृत्तांत २०१७ मध्यें प्रसिद्ध झाला. अशा अभ्यासानें शिक्षकांच्या मनावरचा ताण हलका होतो असें त्यांत दिसून आलें. दुसऱ्या एका प्रयोगांत, तो २०१५ चा, गौरवर्णीय महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटें ध्यानाची ध्वनिफीत ऐकविली, तेव्हां त्यांच्या मनांत नकळत वसणारा वर्णविषयक पूर्वग्रह मापनांत कमी भरला. ह्या दोन गोष्टी एकमेकींस जोडून पुष्कळांनीं असें अनुमान काढलें कीं, शिक्षकाचें मन शांत करा, म्हणजे शिक्षेंतील वर्णभेद आपोआप ओसरेल. पहिला प्रयोग ताणाचा होता, शिक्षेंतील वर्णभेदाचा नव्हता. आणि दुसऱ्यांत तर शिक्षकच नव्हते. ही अडचण अनुमान काढणारांस फारशी जाणवलेली दिसत नाहीं.

आमच्या मतें शांत मन आणि न्यायी मन ह्या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, आणि पहिलीपासून दुसरी आपोआप उत्पन्न होत नाहीं. हें मत आम्ही कोणत्याही प्रयोगशाळेच्या बळावर बनविलेलें नाहीं. दोन पुस्तकें शेजारीं शेजारीं ठेवून वाचलीं असतां तें आमच्या मनांत ठाम झालें. त्या दोन पुस्तकांविषयीं प्रथम लिहूं.

पहिलें पुस्तक ॲन आर्नेट फर्ग्युसन ह्यांचें 'बॅड बॉइज'. मिशिगन विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेनें तें २००० मध्यें प्रसिद्ध केलें. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका प्राथमिक शाळेंत वर्षानुवर्षें जाऊन, अकरा-बारा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलग्यांच्या सहवासांत राहून लेखिकेनें हें लिहिलें आहे. शाळेचें खरें नांव झांकून तिला रोझा पार्क्स हें नांव दिलें आहे. माँटगोमेरी शहरांत १९५५ मध्यें ज्या बाईनें बसमधील आपली जागा सोडण्याचें नाकारलें तिचें हें नांव. आणि ह्या शाळेंत मुलांवर वारंवार येणारा आरोप कोणता, तर सांगितलेलें न ऐकण्याचा! हा उपरोध वाचकाच्या लक्षांत आल्यावांचून राहत नाहीं.

शाळेंत एक खोली आहे, आणि पुस्तकांत तिला 'शिक्षेची खोली' असेंच म्हटलें आहे. शिक्षक चिठ्ठी लिहितो, मुलगा ती घेऊन तेथें जाऊन बसतो. शाळेंतील मुलांत कृष्णवर्णीय मुलगे एक चतुर्थांश, पण त्या खोलींत पाठविल्या जाणाऱ्यांत ते जवळजवळ निम्मे. परंतु फर्ग्युसनबाईंचें वैशिष्ट्य हिशेबांत नाहीं. एकच खोडी दोन मुलांनीं केली असतां ती दोन निरनिराळ्या गोष्टी कशा होतात, हें त्यांनीं दाखविलें आहे. गोऱ्या मुलाची खोडी वयाची म्हणून सोडून दिली जाते. काळ्या मुलाची तीच खोडी समजून-उमजून केलेली, जणूं मिशा फुटलेल्या माणसानें केलेली ठरते. त्याचें बालपण त्याच्यापासून काढून घेतलें जातें. शाळेंतील एक प्रौढ व्यक्ति एका दहा वर्षांच्या मुलाकडे बोट दाखवून, त्याच्या नांवाची कोठडी तुरुंगांत आतांपासून राखून ठेवलेली आहे, अशा अर्थाचें कांहीं लेखिकेस सांगते. हा प्रसंग आम्हीं दोन वेळां वाचला. त्यांत संताप नाहीं. पावसाळी ढग पाहून शेतकऱ्यानें पाऊस येणार म्हणावें, तशा सहजतेनें तें भविष्य वर्तविलेलें आहे. आम्हांस भय वाटलें तें ह्या सहजतेचें. संतापलेल्या मनाला श्वास मोजावयास सांगतां येईल. पण ज्याच्या मनांत खळबळच नाहीं त्याला काय मोजावयास सांगावें?

पुस्तकांतील दुसरा मार्मिक भाग मुलांच्या देहबोलीविषयींचा. हनुवटी किती वर, पाऊल किती सावकाश, उत्तर देतांना नजर कोठें, माफी मागतांना स्वर कसा, ह्या सर्वांचा शाळेंत अर्थ लावला जातो, आणि तो अर्थ लावणाराची घडण निराळ्या घरांत झालेली असते. माफीलाही एक बोली असते. ती ज्याच्या घरीं बोलत नाहींत त्याची माफी खोटी ठरते, आणि मग मूळ अपराधापेक्षां ह्या 'खोट्या' माफीचीच शिक्षा मोठी होते. अशा मुलाला चांगला म्हणवून घेण्याची वाटच उरली नाहीं म्हणजे तो वाईटपणांतच आपली अब्रू शोधूं लागतो, हें लेखिकेनें मुलांशीं झालेल्या संभाषणांतून मोठ्या समजुतीनें उभें केलें आहे.

पुस्तकांत दोष नाहींत असें नाहीं. फूको आणि बूर्द्यू ह्या फ्रेंच विद्वानांची परिभाषा मधूनमधून जड होते. मुलगा बोलत असतां त्याच्या डोक्यावर एखादें गांठोडें ठेवावें तसें होतें. पण त्याहून मोठी उणीव अशी कीं, मुलें जितकीं जिवंत आहेत तितके शिक्षक नाहींत. चिठ्ठी लिहिणारा हात आपल्याला दिसतो. लिहितांना त्या मनांत काय चाललें आहे हें दिसत नाहीं. ज्यांचा व्यवसायच वर्गापुढें उभें राहण्याचा आहे अशा आम्हांसारख्यांस ही उणीव विशेष जाणवते.

ती कांहीं अंशीं भरून काढणारें दुसरें पुस्तक त्याहून सहा वर्षें आधींचें आहे: बेल हुक्स ह्यांचें 'टीचिंग टु ट्रान्सग्रेस' (१९९४). लेखिकेचें मूळ नांव ग्लोरिया जीन वॉटकिन्स. टोपणनांव पणजीचें घेतलेलें. इंग्रजींत तें त्या मुद्दाम लहान अक्षरांत लिहीत. देवनागरींत लहानमोठीं अक्षरेंच नसल्यामुळें हा विनय आमच्या लिपीनें सर्वांवर सक्तीचा करून टाकला आहे, असो. २०२१ मध्यें त्या वारल्या. ह्या निबंधसंग्रहांत एक प्रकरण असें आहे कीं, त्यांत ग्लोरिया वॉटकिन्स प्रश्न विचारते आणि बेल हुक्स उत्तरें देते. एरवीं हा प्रकार आम्हांस चाळा वाटला असता. येथें तो शोभतो, कारण शिक्षकानें स्वतःला प्रश्न विचारावे हेंच पुस्तकाचें सांगणें आहे.

केंटकी राज्यांतील हॉप्किन्सव्हिल गांवीं, केवळ कृष्णवर्णीयांसाठीं असलेल्या बुकर टी. वॉशिंग्टन शाळेंत हुक्सबाईंचें बालपण गेलें. तेथील शिक्षिका बहुतेक कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. मुलांचे आईबाप कोण, घरची स्थिति कशी, देवळांत ती मंडळी कोठें बसतात, हें त्यांना ठाऊक असे. शिकणें हा तेथें आनंद होता. पुढें शाळांतील वर्णभेद उठला, आणि ही बुद्धिमान मुलगी गोऱ्यांच्या शाळेंत गेली. तेथें तिच्याकडून अपेक्षा होती ती आज्ञाधारकपणाची. शिकण्याची फार हौस दाखविली तर तीच उद्धटपणांत जमा होई. सर्वोच्च न्यायालयाचा १९५४ चा निकाल न्यायाचाच होता ह्यांत शंका नाहीं. परंतु त्याच्या अंमलबजावणींत दक्षिणेकडील हजारों कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि मुलांना ओळखणारे डोळेही त्यांच्याबरोबर गेले, ही हकीकत ह्या आठवणींच्या मागें उभी आहे.

हुक्सबाईंनीं ज्यांना गुरु मानलें ते दोघे: ब्राझीलचे पाउलो फ्रेरे, आणि व्हिएतनामचे भिक्षु थिक न्हाट हान. म्हणजे आज ज्या विद्येचा शिक्षकांपुढें गाजावाजा चालला आहे तिच्याजवळ ह्या बाई तीस वर्षांपूर्वींच गेल्या होत्या. पण त्यांनीं तिच्यांतून काय उचललें तें पाहण्यासारखें आहे. शिक्षकानें स्वतःचें मन निरोगी ठेवावें, नाहीं तर तो मुलांचें मन निरोगी करूं शकणार नाहीं, हें त्या मान्य करितात. परंतु त्यांच्या लेखीं ही शांत होण्याची साधना नाहीं. विद्यार्थ्यानें आपलें अंतरंग उघडें करावें असें वाटत असेल तर शिक्षकानें आधीं आपलें उघडें करण्याचा धोका पत्करला पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. वर्गांत अस्वस्थता उत्पन्न झाली तर त्या ती मिटवीत नाहींत, तिच्यांतून पुढें जाऊं पाहतात.

तरीही ह्या पुस्तकाची मर्यादा सांगितली पाहिजे. त्यांतला वर्ग मुख्यतः विद्यापीठाचा, आपल्या इच्छेनें येऊन बसलेल्या प्रौढ विद्यार्थ्यांचा आहे. तीस मुलें, एक शिक्षक, आणि घंटेला सात मिनिटें उरलेलीं, असा प्रसंग त्यांत येत नाहीं. शिवाय बालपणच्या शाळेचें जें गोड चित्र आहे तें पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीनें काढलेलें आहे. मागच्या बाकावरचा मुलगा त्या आठवणींत दिसत नाहीं. त्यालाही ती शाळा इतकीच मायाळू वाटली असेल काय? फर्ग्युसनबाई अशाच मुलाजवळ जाऊन बसल्या आहेत, म्हणूनच हीं दोन पुस्तकें जोडीनें वाचावींत असें आम्ही म्हणतों.

ह्या दोहोंच्या मधली जागा, म्हणजे अपराध आणि चिठ्ठी ह्यांच्यामधले कांहीं क्षण, खरें पाहतां कादंबरीकाराची. ती तूर्त मानसशास्त्रज्ञांनीं व्यापली आहे. जेसन ओकोनोफुआ आणि जेनिफर एबरहार्ट ह्यांनीं २०१५ मध्यें प्रसिद्ध केलेला प्रयोग साधा आहे. शिक्षकांना एका विद्यार्थ्याच्या दोन किरकोळ गैरवर्तनांची नोंद वाचावयास दिली. कांहींच्या कागदावर विद्यार्थ्याचें नांव ऐकतांच कृष्णवर्णीय वाटावें असें, डार्नेल किंवा डिशॉन. कांहींच्या कागदावर ग्रेग किंवा जेक. पहिल्या अपराधाच्या वेळीं दोन्ही नांवांना शिक्षकांनीं जवळपास सारखाच न्याय दिला. फरक पडला तो दुसऱ्या अपराधाला. ग्रेगचे दोन अपराध दोनच राहिले. डार्नेलचे दोन मिळून स्वभाव झाला. त्याला कडक शिक्षा हवी, तो पुढेंही त्रास देणार, असें शिक्षकांस वाटूं लागलें.

आतां हे शिक्षक कोणत्या अवस्थेंत होते? समोर मूल नाहीं, गलका नाहीं, कोणी पुस्तक फेंकलेलें नाहीं. हातांत एक कागद आहे आणि तो सावकाश वाचावयाचा आहे. ह्याहून शांत शिक्षक कोठून आणावा? आणि तरीही तराजू कललाच. रसेल स्किबा व त्यांचे सहकारी ह्यांनीं २००२ मध्यें एका मोठ्या शहरांतील शाळांच्या नोंदी तपासून जें दाखविलें तें ह्याच्याशीं जुळतें. गोरीं मुलें चिठ्ठी घेऊन जात ती धूम्रपान, मोडतोड, न विचारतां निघून जाणें, शिवीगाळ अशा दाखवून देतां येणाऱ्या कारणांसाठीं. कृष्णवर्णीय मुलें जात ती अनादर, फार आवाज, धमकी, रेंगाळणें अशा कारणांसाठीं. विडीचें थोटुक टेबलावर ठेवतां येतें; अनादर ठेवतां येत नाहीं. तो पाहणाराच्या डोळ्यांत असतो आणि तेथून चिठ्ठीवर उतरतो.

येथें जुन्या शब्दाकडे परत जाणें आवश्यक आहे. 'स्मृति' म्हणजे आठवण. बुद्धघोषाचार्यांच्या 'विसुद्धिमग्ग' ह्या ग्रंथांत तिचें कार्य न विसरणें असें सांगितलें आहे, आणि तिला इंद्रियांच्या दारावरील द्वारपाळाची उपमा दिली आहे. ह्या ग्रंथाच्या हार्व्हर्ड विद्यापीठांतील आवृत्तीसाठीं आमचे धर्मानंद कोसंबी गोव्याहून निघून कोठवर गेले, तें मराठी वाचकांस ठाऊकच आहे. वॉरन ह्यांनीं अर्धवट टाकलेलें तें संपादनकार्य त्यांनीं पुरें केलें, आणि कोसंबींच्या निधनानंतर १९५० मध्यें तें छापून निघालें. कबाट-झिन ह्यांच्या व्याख्येंत मात्र द्वारपाळाला रजा मिळाली आहे: येणाऱ्या विचाराकडे नुसतें पाहावें, निवाडा करूं नये, असें तेथें सांगितलें जातें. वेदनेनें तळमळणाऱ्या रोग्यास हें पथ्य उत्तम. पण शिक्षकाचें कामच निवाड्याचें आहे. तो दिवसांतून शंभर वेळां निवाडा करितो, आणि निवाडा न करण्याचा अभ्यास त्याला निवाडा नीट करावयास शिकवीत नाहीं. त्याला हवा आहे तो द्वारपाळच, आणि त्यानें अडवावयाचें तें मुलाला नव्हे. 'उद्धट' हा शब्द मनाच्या दाराशीं आला म्हणजे त्याला विचारावयाचें कीं, बाबा, तूं काल कोणासाठीं आला होतास आणि कोणासाठीं आला नाहींस? डार्नेलच्या प्रयोगांत शिक्षकाला मुलाचा मागला अपराध बरोबर आठवला. त्याला आठवली नाहीं ती स्वतःची मागली चिठ्ठी.

ओकोनोफुआ ह्यांनींच डेव्हिड पौनेस्कू व ग्रेगरी वॉल्टन ह्यांच्यासह २०१६ मध्यें प्रसिद्ध केलेला दुसरा प्रयोग आम्हांस अधिक आशादायक वाटतो. कॅलिफोर्नियांतील पांच शाळांतील ३१ गणितशिक्षकांपैकीं कांहींना, मुलें वर्गांत वेडेंवांकडें कां वागतात ह्याविषयींचे लेख आणि खुद्द मुलांचीं कथनें वाचावयास दिलीं, आणि आपण तशा प्रसंगीं काय करूं हें लिहावयास सांगितलें. दोन बैठका, मिळून तासाभराहून थोडा अधिक वेळ. त्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांत वर्षभरांत घालवून दिल्या गेलेल्यांचें प्रमाण शेंकडा ४.८ राहिलें, इतरांच्या विद्यार्थ्यांत तें ९.६ होतें. विद्यार्थी एकंदर १,६८२. एवढ्याशा प्रयोगावर शिक्षणशास्त्राची इमारत उभारूं नये, हें आम्ही जाणतों. परंतु त्यांत डोळे मिटून बसावयाचें नव्हतें. वाचावयाचें होतें आणि लिहावयाचें होतें. साहित्याला वाहिलेल्या मासिकांत ही गोष्ट नमूद केल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

कायद्यानें दुसरी वाट धरली. 'मुद्दाम अवज्ञा' ह्या एका कारणासाठीं मुलांना घालवून देण्याची मुभाच कॅलिफोर्नियानें २०१४ मध्यें तिसरीपर्यंत, २०१९ मध्यें आठवीपर्यंत आणि २०२३ च्या कायद्यानें बारावीपर्यंत काढून घेतली. मध्यवर्ती सरकारनें जानेवारी २०१४ मध्यें शिक्षेंतील वर्णभेदाविषयीं शाळांना जें सूचनापत्र धाडलें होतें, तें मात्र डिसेंबर २०१८ मध्यें मागें घेतलें गेलें. कॅलिफोर्नियाची दृष्टि आम्हांस योग्य वाटते: शिक्षकाचें मन बदलेपर्यंत निदान त्याच्या हातांतला सर्वांत निसरडा शब्द काढून घ्यावा. शब्द दुसरें नांव धारण करून परत येईल, हा धोका आहेच.

हें वाचतांना आमच्या वाचकास जात आठवेल, आणि आठवणें रास्तच आहे. जोतीरावांनीं १८७३ मध्यें 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेंतील गुलामांस मुक्त करणाऱ्या सत्पुरुषांस. तेव्हां ही तुलना आजची नव्हे. रेमा हॅना आणि ली लिंडन ह्यांनीं भारतांत केलेल्या व २०१२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उत्तरपत्रिकांवर मुलाची जात वाटेल तशी बदलून लिहिली, तेव्हां खालच्या मानलेल्या जातीचें नांव असलेल्या पत्रिकांस किंचित् कमी गुण पडले. हा प्रकार मुख्यतः त्याच जातींतील परीक्षकांकडून झाला, म्हणजे हुक्सबाईंच्या शाळेंतील उपाय सर्वत्र लागू पडेल असेंही नाहीं. तेथेंही परीक्षक आपल्या जागीं स्वस्थ बसूनच पत्रिका तपाशीत होते, एवढें लक्षांत ठेवावें.

फर्ग्युसनबाईंच्या पुस्तकाचें मराठी भाषांतर व्हावें असें आम्हांस मनापासून वाटतें. पण भाषांतरकाराची पहिली अडचण शीर्षकापाशींच सुरू होईल. 'बॅड' मुलाला मराठींत काय म्हणावें? आमच्याजवळ शब्दांची वाण नाहीं: खोडकर आहे, वात्रट आहे, द्वाड आहे, उनाड आहे, पुढें उद्धट, उर्मट, मग माजोरा, आणि शेवटीं वाया गेलेला. घरच्या मुलाला आपण ह्यांतला पहिला शब्द देतों, आणि शेजाऱ्याच्या मुलाला कितवा देतों तें शेजार कोणता ह्यावर अवलंबून असतें. शाळेंतील शिक्षक चिठ्ठीवर हाच शब्द निवडीत असतो. भाषांतरकारानें 'खोडकर' लिहिलें तर पुस्तकाचा आशय हरवेल, आणि 'माजोरा' लिहिलें तर ज्या प्रौढ व्यक्तीनें त्या दहा वर्षांच्या मुलाकडे बोट दाखविलें तिच्या शेजारीं तो जाऊन उभा राहील. मूळ पुस्तकांत मुलांनीं एकमेकांना स्वतः दिलेलीं नांवें आहेत. सुरुवात तेथून करून पाहावी, असें आम्ही त्यास सुचवूं.